दस्तगीर, तुझी विलायती चांदी

दस्तगीर,

तुला माती देऊन रविवारी परतीची एस.टी. धरली, तेव्हा शेजारी एक हळदीचा व्यापारी बसला होता. माझे डोळे बघून त्यानं विचारलं, "कोण गेलं?"

"मित्र."

"काय करायचे?"

"साताऱ्याला सदर बाजारात जुन्या सामानाचं दुकान होतं. आणि स्वतःच्या हौसेसाठी दारूची भांडी जमवायचे. विलायती, चांदीची."

तो जरासा सरकून बसला. मी म्हणालो, "मुसलमान होते. जन्मात थेंब घेतला नाही." तो आणखी सरकला. मला हसू यायला लागलं आणि हसता हसता रडू फुटलं. कऱ्हाडला तो घाईघाईनं उतरला, बहुतेक दुसरी गाडी धरायलाच. तू असतास तर त्याला सोडला नसतास. चांदीवरचा चालता सिंह, राणीचं डोकं, सालाचं अक्षर, सगळं त्याच्या गळी उतरवलं असतंस, आणि तो उतरायचंच विसरला असता.

तुझा जन्म कुठला, वय किती झालं होतं, दुखणं काय होतं, हे मी लिहिणार नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत. मला आपली भांडणं पुढं चालवायची आहेत. भांड्याला भांडं लागायचंच, असं आपल्याकडं म्हणतात. आपल्या दोघांत तर भांड्यांवरूनच भांडणं लागली. सांगलीचा जैन सराफ आणि साताऱ्याचा शिकलगार. दोघांनाही दारू निषिद्ध. आणि नऊ-दहा वर्षं आपण वाद घातला तो दारूच्या पेल्यांवरून.

महाबळेश्वरचा तो लिलाव आठवतो ना? एक वयस्कर गोरी बाई कायमची विलायतेला निघाली होती. बंगल्याच्या व्हरांड्यात तिचं सगळं सामान मांडलं होतं. मी चांदी घ्यायला आलो होतो. वजन करायचं, भट्टीत घालायचं, तिचे करंडे, फुलपात्रं, जोडवी करायची, हा माझा धंदा. एक झाकणाचा मोठा पेला मी हातात घेऊन वजनाचा अंदाज घेत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"आवं पाव्हणं, वजन काय करताय? आदी तोंड तर बगा त्याचं."

वळून पाहिलं तर तू. डोक्याला तिरकी टोपी, हातात भिंग. मी म्हणालो, "मी सराफ आहे."

"त्ये दिसतंयच. मोडीत घालनार."

मग न विचारताच तू माझ्या हातातला पेला काढून घेतलास आणि उलटा केलास. "ह्यो सिंव्ह चालतोय बगा. ह्यो चालतोय म्हंजी चांदी खरी. ह्ये राणीचं डोस्कं, म्हंजी सरकारचा कर भरल्याला हाय. ह्ये अक्षर म्हंजी साल. आन ही दोन अक्षरं म्हंजी ज्यानं घडवला त्यो कारागीर. त्यो मेला, राणी मेली, बाई निगाली. आन तुमी ह्येची जोडवी करनार व्हय?"

मी खिशातून कसोटीचा दगड काढला. म्हणालो, "माझा दगड मला सांगतो चांदी किती खरी ते. सिंह कशाला पाहिजे?"

"तुमचा दगुड चांदी सांगतो," तू म्हणालास, "माजं भिंग मानूस सांगतंय."

मला राग आला होता, पण वाक्य आवडलं होतं. त्या दिवशी झाकणाचे सगळे पेले तू बोली चढवून माझ्या हातून काढून घेतलेस. टँकर्ड, हा शब्द मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. मला काही पळ्या आणि एक तबक मिळालं. घाट उतरताना आपण एकाच गाडीत होतो. साताऱ्यात उतरलो तर तू म्हणालास, "आता सांगलीला कुटं पोचताय? जेवून जावा." मी म्हणालो, जैन आहे, दिवस मावळल्यावर जेवत नाही. तू आभाळाकडं बघितलंस, माझा हात धरलास आणि अक्षरशः पळवत घरी नेलंस. हलिमाभाभींना दारातूनच ओरडलास, "सूर्व्य बुडायच्या आत वाढ!" त्यांनी काही विचारलं नाही. गरम भाकरी, दही आणि लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी. जैन लसूण खात नाहीत हे त्यांना कसं माहीत, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

त्यानंतर तुझ्या दुकानामागच्या खोलीतलं काचेचं कपाट मी कितीदा पाहिलं असेन. प्रत्येक चिजेला तू घरचं नाव ठेवलं होतंस. साहेब लोक ज्यात फळं, साखर, दारू कालवायचे तो मोठा चांदीचा वाडगा म्हणजे तुझं 'घंगाळ'. लांब काळ्या दांड्याची 'पळी'. वाइन गाळायचं 'नरसाळं'. कापीव काचेची, चांदीच्या गळ्याची 'सुरई'. आणि बाटल्यांच्या गळ्यात साखळीनं अडकवायचे ते इवलेसे 'बिल्ले', कुणावर शेरी लिहिलेलं, कुणावर पोर्ट. बिल्ल्यांवर तुझा फार जीव. म्हणायचास, "शाळेतल्या पोरांगत गळ्यात नाव घालून बसत्यात बग बाटल्या. पळून जातील म्हनून."

मी एकदा विचारलं, "पाणी तरी पितोस का रे यातून?"

तू कानाला हात लावलास. "न्हाई रं गड्या. आमच्यात चांदीच्या भांड्यातनं पानी पिनं बी मना हाय. दारूचं तर सोडच."

"मग हा सगळा संसार कशासाठी?"

"बगायला."

तिथून आपलं पहिलं भांडण सुरू झालं. मी म्हणायचो, जे भांडं ओठाला लागत नाही ते भांडंच नव्हे. पेला हा पिण्यासाठी आहे. दूध पी, पन्हं पी, माझ्याकडं दे, मी पितो. तू म्हणायचास, ती भांडी आता निवृत्त झालीत, पेन्शनीत निघालेल्या शिपायाला परत कवायतीला उभं करतात का? साताऱ्यात घरटी एक पेन्शनर, त्यामुळं तुझा हा दाखला सगळ्यांना पटायचा आणि मी एकटा पडायचो.

मौलवीसाहेब आले तेव्हा मी तिथंच होतो. मोहल्ल्यात कुजबुज चालली होती की दस्तगीरनं घरात शराबखाना मांडलाय. ते रागानंच आले. कपाटासमोर उभे राहिले.

"पितोस?"

"न्हाई जी."

"कुणाला पाजतोस?"

"न्हाई जी."

"विकतोस?"

तू कपाटाकडं पाहिलंस. "विकाय पायजे, पन हात हुईना."

मौलवीसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. जणू मी साक्षीदार. मी म्हणालो, "खरं आहे. मी किती वेळा मागितली, देत नाही." ते खाली बसले. तू त्यांच्या हातात एक टँकर्ड दिलास, त्यावर कोरलेलं नाव दाखवलंस. कुणी तरणा लेफ्टनंट होता, पलटणीतल्या मित्रांनी त्याच्या लग्नाला दिलेला पेला. मौलवीसाहेब बराच वेळ ती अक्षरं बोटानं चाचपत राहिले. मग पेला खाली ठेवून म्हणाले, "चिजेवर इतका जीव लावू नये, दस्तगीर. बाकी मला काही बोलायचं नाही." आणि चहा घेऊन गेले. ते गेल्यावर तू तो पेला कपाटात ठेवलास, पुन्हा काढलास, पुन्हा ठेवलास. रागावलेल्या माणसाला उत्तर देता येतं. ते समजुतीनं बोलले होते.

दुसरं भांडण जास्त खोल गेलं.

माझी आई एक गोष्ट सांगायची. आमच्यात सगळ्या घरांत सांगतात. राजानं सोन्याचा घडा मोडून मुकुट केला. ज्या मुलीचा घडा होता ती रडली, ज्या मुलाला मुकुट मिळाला तो हसला, राजा मात्र शांत राहिला, कारण सोनं होतं तेवढंच राहिलं. आकार बदलतो, द्रव्य राहतं. मी या गोष्टीवर वाढलो आणि याच गोष्टीवर धंदा केला. ही गोष्ट तुला सांगितली तेव्हा तू म्हणालास, "आन ज्या सोनारानं त्यो घडा घडवला, त्यो कुटं हुता तवा? त्येला कुनी इचारलं का?"

मी कसोटीचा दगड पुसायला घेतला.

मग सोन्याचा कायदा आला, चौदा कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली. तुला माहीत आहे काय दिवस होते ते. सांगलीच्या सराफकट्ट्यात सोनार हातावर हात ठेवून बसले. माझ्याकडचे कारागीर, बापजाद्यांपासून आमच्याकडं काम करणारे, सकाळी यायचे, दुकान झाडायचे आणि बसून राहायचे. एकानं भाजीची गाडी लावली. त्याच सुमारास एका जुन्या संस्थानातल्या कारभाऱ्याकडून माझ्याकडं पेले आले. बारीक देठाचे, अंगावर द्राक्षाच्या वेली कोरलेले. तू आलास, एकेक पेला उजेडात धरून बघितलास. म्हणालास, "नेमू, असलं काम म्या न्हाई बगितलं. चार दिसांत सांगतो." आणि गेलास.

चार दिवस झाले, आठवडा झाला, तुझा निरोप नाही. इकडं एका मंदिराच्या प्रभावळीचं काम आलं, चांदी लगेच हवी होती, आणि कारागिरांच्या घरी चूल पेटायची होती. मी पेले भट्टीत घातले.

दुसऱ्याच दिवशी तू आलास. हलिमाभाभी तापानं आजारी होत्या, म्हणून उशीर झाला म्हणालास. मी प्रभावळीकडं बोट दाखवलं. कारागीर त्यावर मोर ठोकत होते, आणि कितीतरी दिवसांनी दुकानात हातोडीचा आवाज होता. तू त्या मोराकडं बघत राहिलास. म्हणालास, "थांबला असतास." मी म्हणालो, "कळवलं असतंस." तू चप्पल घातलीस आणि निघालास. महिने गेले, तू आला नाहीस. मी पण नाही.

ते कसं मिटलं, ते शेवटी सांगतो. कारण त्याबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. पण पेले वितळवले यात मी चुकलो, असं मला आजही वाटत नाही. आणि तुझं 'थांबला असतास' हेही मनातून जात नाही. दोन्ही खरं असू शकतं का, हे तुला विचारायचं राहिलं.

औंधला गेलो होतो तो दिवस मात्र अगदी स्वच्छ आठवतो. थंडी होती. तू, मी आणि तुझी जुबेदा. ती तेव्हा साताऱ्याला कॉलेजात होती. टेकडीवरचं संग्रहालय बघितलं. तू प्रत्येक चित्रापुढं, प्रत्येक हस्तिदंती कामापुढं असा उभा राहायचास की पहारेकऱ्याला तुझा संशय यायला लागला. खाली उतरून यमाईच्या देवळाबाहेर झाडाखाली डबे उघडले. मी म्हणालो, "तुझं कपाट असं एखाद्या ठिकाणी द्यावंस. नीट राहील."

तू भाकरीचा तुकडा मोडलास. "लय ग्वाड हाय तितं सगळं. पन कुनाला हात लावू देत न्हाईत. माज्याकडं लेकरू आलं तरी म्या हातात देतो."

जुबेदा म्हणाली, "अब्बा, तुम्ही हातात देता पण ओठाला लावू देत नाही. तेही अर्धंच झालं की."

मी इतका हसलो की घास अडकला. तू तिच्याकडं बघून म्हणालास, "ही पोरगी तुज्या बाजूची हाय." पण तुझ्या चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. त्या दिवशी परत येताना तिनं बसमध्ये माझा एक विलायती चांदीचा चमचा भिंगाखाली धरला आणि सिंह, जहाजाचा नांगर, राणी, अक्षर असं घडाघडा वाचलं. नांगर म्हणजे कुठल्या गावची चांदी, तेही सांगितलं. तू खिडकीबाहेर बघत होतास, पण कान इकडंच होते.

आणि मग कोयनेचा भूकंप.

सांगलीतसुद्धा भिंती हलल्या. उजाडल्यावर बातम्या येऊ लागल्या तसा मी साताऱ्याची गाडी धरली, तुम्ही सगळे कसे आहात बघायला. कऱ्हाडच्या स्टँडवर उतरलो तर समोर एक ट्रक, आणि मागच्या फळीला धरून तू उभा. शेजारी मौलवीसाहेब.

"आमी बरं हाय," तू म्हणालास. "कपाट पडलं, सुरई फुटली. ते ऱ्हाऊ दे. पाटनच्या पुडं आमिनाचं गाव हाय. चड वर."

आमिना तुझी धाकटी बहीण. मी चढलो. ट्रकमध्ये ताडपत्र्या, सतरंज्या, तांब्याचे हंडे. दुकानात होतं नव्हतं ते तू भरलं होतंस. एका कोपऱ्यात जड पोतं. मी विचारलं, "यात काय?"

"भांडी," तू म्हणालास, आणि तोंड फिरवलंस.

त्या गावाबद्दल मी जास्त लिहीत नाही. घरं जमिनीला टेकली होती. लोक शेतात होते, जिवंत राहिलेले आणि न राहिलेलेही. आमिनाचा हात मोडला होता, पण ती जिवंत होती. तिनं तुझ्या गळ्यात पडून आधी शेजारणीचं सांगितलं, मग स्वतःचं. मौलवीसाहेब नि मी ताडपत्र्या बांधल्या. तू तीन दगड मांडून हंड्यात पाणी चढवलंस, गूळ घातलास, चहाची पूड घातलीस. सगळे कुडकुडत होते. चहा झाला, आणि तेव्हा लक्षात आलं की द्यायचा कशातून? घरांतली भांडी घरांखाली होती.

तू पोत्याजवळ गेलास. त्याची गाठ सोडायला लागलास आणि तुझे हात थांबले. मी बघत होतो. मौलवीसाहेबही बघत होते. त्यांनीच म्हटलं, "दस्तगीर, बगत काय बसलाईस? काड. जीव वाचवायचा तर सगळं माफ हाय."

तू घंगाळ काढलंस. त्यात चहा ओतलास. लांब दांड्याच्या पळीनं टँकर्ड भरू लागलास. शंभर वर्षांपूर्वी कुणा साहेबांनी ज्यात बिअर ढोसली, ते पेले कोयनाकाठच्या शेतात गुळाच्या कोऱ्या चहानं भरले. पहिला पेला एका म्हातारीला दिलास. कपाळाला फडकं बांधलेली, मराठ्यांच्या घरातली. तिनं दोन्ही हातांनी धरला.

"लय जड हाय रं बाबा."

"चांदीचा हाय, आज्जी."

"आसंल." तिनं झाकण उघडलं, घोट घेतला, झाकण मिटलं. "झाकनाचं बरं हाय. च्या गरम ऱ्हातो."

आणि तिनं तो पेला शेजारी बसलेल्या बाईला दिला. ती बौद्धवस्तीतली होती. तिचं पोर मांडीवर होतं. तिनं आधी म्हातारीकडं पाहिलं, मग पेल्याकडं. त्या गावात आदल्या दिवसापर्यंत कुणाचा पेला कुणाला चालत नव्हता. म्हातारी म्हणाली, "पी गं, निवंल," आणि ती प्याली. पोराला पाजलं. मग तो पेला पुढं गेला, आणखी पुढं.

तू पळी हातात धरून बघत होतास. पहिल्यांदा भिंगाशिवाय.

आपण तिथं राहिलो. दुसऱ्या दिवशी सरकारी मदत आली, सैन्याच्या गाड्या आल्या, तेव्हा आमिनाला घेऊन निघालो. साताऱ्याला पोचल्यावर मी आणि तू दुकानात बसून भांडी पुसली. माती, गूळ, राख. एकाला चांगला खोल पोचा पडला होता. मी म्हणालो, "माझ्या कारागिराकडं दे, आतून ठोकून काढेल." तू म्हणालास, "न्हाई. त्यो भूकंपाचा हाय. ऱ्हाऊ दे."

मग मी सगळे पेले मांडले. "एक कमी आहे, दस्तगीर."

"हाय."

"तो लेफ्टनंटच्या लग्नाचा. कुणीतरी ठेवून घेतला असेल. चल, परत जाऊ. विचारू."

तू हसायला लागलास. "नेमू, वापरा वापरा म्हनून इतकी वर्सं कोन बोंबलत हुतं? आता कुनीतरी वापरतंय तर तुज्या प्वाटात दुकाय लागलं व्हय?"

"वापरायला नाही रे नेलं कुणी. विकला असेल मोडीत."

"मग तुज्यासारक्याच कुन्या सराफानं वितळवला आसंल. त्येची जोडवी झाली आसतील. द्रव्य ऱ्हायलंच की रं तुजं!"

"अरे पण त्याच्यावर ते नाव होतं, त्याचा आकार..." असं मी बोललो आणि मधेच थांबलो. तू गुडघ्यावर थापा मारत इतका हसलास की हलिमाभाभी काय झालं बघायला आल्या. माझ्या तोंडून तुझी भाषा आणि तुझ्या तोंडून माझी. मला त्या वेळी भयंकर राग आला होता. आता लिहिताना मात्र असं वाटतंय की आयुष्यात इतका सुखाचा वाद मी दुसऱ्या कुणाशीच घातला नाही.

तो पेला कुणाच्या घरी आहे, आहे की नाही, ते कळलं नाही. तू शोधलाही नाहीस. पण एक झालं. त्यानंतर तुझ्याकडं आलेल्या माणसाला तू त्या टँकर्डातून सरबत द्यायला लागलास. स्वतः कधी प्यायला नाहीस, हातात पितळेचा पेला घेऊन समोर बसायचास. मी विचारलं, "म्हणजे मी जिंकलो?" तू म्हणालास, "निम्मा." बाकीच्या निम्म्याचा निकाल लागायचाच राहिला.

आता ते, जे बोलायचं राहिलं.

पद्मा गेली तेव्हा आपलं बोलणं बंद होतं. पेल्यांवरून. माझी बायको गेली आणि मी दुकानात जाऊन बसायचो, पण कुणाशी बोलायचो नाही. लोक येऊन सांत्वन करायचे, कर्माचं, संसाराच्या असारतेचं सांगायचे. सगळं मला पाठ होतं. कशाचाच उपयोग नव्हता.

एका मंगळवारी तू दुकानाची पायरी चढलास. पद्माचं नाव काढलं नाहीस, पेल्यांचं काढलं नाहीस. फडक्यातून एक पळी काढून पुढं ठेवलीस. "ही जरा टंच लावून बग. मला वंगाळ वाटतीया." त्या पळीवर सिंह स्पष्ट होता. तुला माझ्या दगडावर कधी विश्वास नव्हता. पण मी दगड काढला, घासलं, सांगितलं, "चांगली आहे." तू म्हणालास, "खरं म्हनतोस?" मी म्हणालो, "खरं." मग तू वाद काढलास, मी उत्तर दिलं, आणि दिवस मावळायच्या आत तू साताऱ्याची गाडी धरलीस.

पुढच्या मंगळवारी नरसाळं. त्याच्या पुढच्या मंगळवारी बिल्ला. वर्षभर. पावसात पण. साताऱ्याहून सांगली म्हणजे काय शेजारचं घर आहे? दुकान बंद ठेवून यायचास. आणि दस्तगीर, ती पहिली पळी तू पुन्हा आणलीस. नंतर आणखी एकदा आणलीस. नवी चीज संपली होती तुझ्याकडं, म्हणून तीच पुन्हा फडक्यात गुंडाळून. मी ओळखली होती. दांड्यावरची चीर मला पाठ झाली होती. प्रत्येक वेळी मी दगड काढला, घासलं आणि म्हणालो, "चांगली आहे."

मला कळलं होतं, हे तुला कळलं होतं का? मी कधी बोललो नाही. बोललो असतो तर बहुतेक तू यायचा बंद झाला असतास, अशी भीती वाटायची. त्या वर्षी माझा जीव तगला तो तुझ्या मंगळवारांमुळं. हे तुझ्या तोंडावर सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तू टोपी सारखी करून म्हणाला असतास, "काय बी बोलतोस."

काल तुझ्या जियारतीला, मातीनंतरच्या प्रार्थनेला, परत आलो होतो. फातेहा झाल्यावर ओसरीवर बसलो. तुझा चुलतभाऊ म्हणाला, मुंबईच्या एका हॉटेलवाल्याला सगळं कपाट एकदम हवंय, शेठ तुम्ही जाणकार, काय करावं सांगा. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "मला काय विचारता? जुबेदाला विचारा."

जुबेदा दारात उभी होती. रडून डोळे सुजलेले, पण आवाज सरळ. "दुकान मी चालवणार. दोन महिन्यांनी पाचगणीला लिलाव आहे, मी जाणार. कपाटाला कुणी हात लावायचा नाही." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "म्हणजे, हातात घ्यायला हरकत नाही. न्यायचं नाही." चुलतभाऊ काही बोलणार होता, मौलवीसाहेबांनी त्याला हातानं थांबवलं.

मी निघालो तशी आतून हलिमाभाभींची हाक आली. त्या इद्दतीत, नवरा गेल्यानंतरच्या एकांतात, बसल्यात, म्हणून दाराआडून बोलल्या. दिसत नव्हत्या, फक्त आवाज.

"भाऊजी."

"बोला भाभी."

"त्यांनी तुमचं लय मंगळवार खाल्लं."

त्यांना माहीत होतं. कुठं जातोस, कशाला जातोस, पळी तीच आहे, सगळं माहीत होतं. तीच पळी पुन्हा फडक्यात बांधून देणारा हात बहुतेक त्यांचाच असेल. मी दाराशी खाली बसलो. ओसरीवरची माणसं उगाच इकडंतिकडं बघायला लागली.

दाराआडून पुन्हा आवाज आला, "आता पोरगी एकटी बसनार दुकानात. तिला अजून लय कळायचं हाय. तुमी येनार न्हवं?"

"येणार, भाभी," मी म्हणालो. "मंगळवारी येणार."

"दिस मावळायच्या आत या," त्या म्हणाल्या. "जेवून जावा."